गुडघ्याएवढं

पहाटे चारला तहसीलातून फोन :
वरच्या धरणाची दारं उघडली.
एवढंच. मग रेंज गेली.

भोंग्याची बॅटरी भिजून मेलेली.
मी ताट घेतलं, उलथणं घेतलं
आणि मोहाडटोल्याच्या दोन्ही गल्ल्या वाजवत निघाले.
बाप कोतवाल होता तेव्हा डफडं होतं,
माझ्या वाट्याला माझंच जेवायचं ताट.

उठा. मेन बंद करा.
ढोरांची दावी सोडा, बांधून ठेवू नका,
ढोर पोहून निघते, खुंटा पोहत नाही.
रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या, काडीपेटी
पन्नीत गुंडाळा, पोटाशी धरा.
शाळेच्या स्लॅबवर चला, सगळे, आत्ता.
आणि फळीवर हात घालायच्या आधी काठी घाला,
पाणी आलं की सापही उंच जागा पाहतो,
त्याला तर कोणी फोनही केलेला नसतो.

पार्बताबाई उठेना. म्हणाली,
माझी कोंबडी बसली आहे अंड्यावर.
मी टोपल्यासकट कोंबडी उचलली,
पार्बताबाई आपोआप मागं आली,
शिव्या देत, चिखलातून, तरातरा.

उजाडलं तेव्हा मी रपट्यावर.
बाभळीपासून बांधकाम खात्याच्या पाटीपर्यंत
बैलाचा कासरा आडवा बांधलेला.
रपटा दिसत नव्हता.
दिसत होतं चहाच्या रंगाचं पाणी,
कुठंच घाई नसल्यासारखं चाललेलं.

टिकाराम गेडाम आला.
पॅन्ट दुमडून वर घेतलेली,
मोटरसायकलला दोन कॅन, चाळीस लिटर.
इंजिन चालू ठेवूनच म्हणाला,
"गुडघ्याएवढंच त आहे वो, निर्गुणाबाई. सोड कासरा."

"कोणाच्या?"

"काय, कोणाच्या?"

"गुडघ्याच्या. तुझ्या? का तुझ्या पोराच्या? का म्हशीच्या?"

"मस्करी नोको करू. डोळे बांधून सोडलं न मले,
तरी पल्याड निघीन मी."

तेच तर.
वाट पाठ असते आपल्याला,
पाण्याला कुठं पाठ असते.

माझ्याकडे शिट्टी नाही, वर्दी नाही,
एक छत्री, तीही उलटी होणारी.
डाव्या पायातली चप्पल काढली
आणि टाकली पाण्यात.
तिरपी, डुलत, रपट्याच्या मधोमध जाईपर्यंत दिसली.
मग पुढं गेली नाही.
खाली गेली,
आतून कोणी दोरी ओढावी तशी.

आम्ही दोघं खालच्या अंगाला पाहत राहिलो,
आता निघेल, आता निघेल.

टिकारामनं गाडी बंद केली.
वळवली नाही, नुसती बंद केली.
कॅनच्या झाकणांवर पाऊस वाजत राहिला
आणि मागं शाळेच्या स्लॅबवरून
पार्बताबाईच्या शिव्या, अजून, थांबून थांबून.

तिसऱ्या दिवशी उतरलं.
रपट्याचा मधला तुकडाच नव्हता.
बैल जुंपलेली बंडी उभी मावेल
एवढा खड्डा, त्यात गढूळ डबकं,
त्यात एक अख्खं पळसाचं झाड, मुळं वर करून.

तलाठी साहेब आले, पंचनामा झाला.
मेलेली ढोरं, पडलेल्या भिंती,
गाळ भरलेल्या धानाच्या बांध्या,
सगळ्याला रकाना होता.
मी घराघराचं सांगत गेले, ते लिहीत गेले.
चप्पल सांगितली नाही.
आणि टिकाराम कुठल्या रकान्यात लिहितात
ते मला ठाऊक नव्हतं.

तो होता तिथंच, काठावर.
बराच वेळ खड्ड्यात पाहत.
मग माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं त्यानं,
मग कुठंतरी दुसरीकडे, म्हणाला,
"दूध नासलं न माझं त्या दिवशी.
चाळीस लिटर."

"हो न," मी म्हटलं.